कार्ड-फाशांची बेसबॉल लीग : हाउस रूल्स कुठले ठेवावेत, कुठले काढून टाकावेत

शॉर्टस्टॉप_६ (धागाकर्ता)

स्ट्रॅट-ओ-मॅटिक (पुढे 'स्ट्रॅट') किंवा ॲप्बा हे कार्ड-फाशांचे बेसबॉल खेळ घेऊन आठ-दहा जणांची लीग काढली की पहिल्या मोसमात त्याच चार-पाच मुद्द्यांवरून हमरीतुमरी होते. ते मुद्दे एका जागी यावेत म्हणून हा धागा. मी स्ट्रॅटच्या ॲडव्हान्स्ड खेळाबद्दल लिहितो, ॲप्बावाल्यांनी भर घालावी.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: स्ट्रॅट १९६१ साली हॅल रिचमन यांनी विकायला काढला. फलंदाजाच्या कार्डावर १ ते ३ असे रकाने असतात, पिचरच्या कार्डावर ४ ते ६. तीन फासे टाकायचे. वेगळ्या रंगाचा एक फासा रकाना सांगतो, उरलेल्या दोघांची बेरीज ओळ सांगते. म्हणजे एका कार्डावर ३ × ३६ = १०८ शक्यता, दोन्ही मिळून २१६. काही ओळींवर निकाल फुटलेला असतो, तिथे वीस बाजूंचा फासा लागतो.

आता मूळ दुखणं. कार्ड त्या खेळाडूच्या त्या मोसमातल्या आकड्यांवरून बनतं, पण तो किती वेळा खेळला हे फाशांना ठाऊक नसतं. १९९८ च्या यँकीजमधला शेन स्पेन्सर घ्या. २७ सामने, ६७ ॲट-बॅट (फुकट मिळालेले बेस वगळून फलंदाजीच्या वेळा), १० होम रन, सरासरी ०.३७३. त्याचं कार्ड रोज लावलं तर ५५० ॲट-बॅटला ८२ होम रनचा वेग पडतो. कार्डात चूक काहीच नाही, चूक ते रोज लावण्यात आहे. म्हणून लीगचा पहिला नियम वापराच्या कोट्याचा हवा. मी सुचवतो तो मसुदा असा:

१. फलंदाजाचा कोटा = खऱ्या मोसमातल्या प्लेट अपिअरन्सच्या (फलंदाजीला येण्याची प्रत्येक वेळ; पुढे सोयीसाठी 'खेपा' म्हणतो) ११० टक्के. पिचरचा कोटा दोन भागांत: इनिंग्ज ११० टक्के, आणि स्टार्ट (सुरुवातीपासून खेळलेले सामने) खऱ्याइतक्या अधिक २.

२. कोटा सामना सुरू होण्याआधी तपासायचा. सुरुवातीला जागा शिल्लक असेल तर खेळाडूला तो सामना पूर्ण खेळू द्यायचा. नाहीतर चौदाव्या इनिंगमध्ये कोण उरलं यावरून वाद होतो.

३. ५०० हून जास्त खेपा असलेल्यांना कोटा नाही. ती माणसं तशीही रोज खेळत होती, त्यांची मोजणी म्हणजे वाया गेलेलं काम.

४. कोटा ओलांडला तर काय, हे त्याच नियमाच्या खाली लिहायचं. मर्यादेच्या वर ५ टक्क्यांपर्यंत: प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या निर्णायक सामन्यांत) तो खेळाडू बाद. त्याहून जास्त: पुढच्या ड्राफ्टची (पाळीपाळीने कार्डं निवडण्याची) दुसऱ्या फेरीची निवड गेली.

शंभर टक्क्यांवर का थांबत नाही असं विचारलं जातं. १६२ सामन्यांना एका संघाला साधारण ६,२०० खेपा आणि १,४५० इनिंग्ज लागतात. ड्राफ्टमधून उभा केलेला संघ बरोबर तेवढ्या आकड्याचा कधीच बनत नाही. कॅचरमध्ये ९० खेपांची फट राहते, शॉर्टस्टॉपमध्ये ४०. दहा टक्के सैल सोडले की फटी बुजतात. तरीही ड्राफ्ट संपल्याबरोबर प्रत्येक संघाची बेरीज करून घ्या: एकूण खेपा ६,५०० च्या वर, इनिंग्ज १,५०० च्या वर, आणि प्रत्येक जागेवर स्वतंत्रपणे ६५० खेपा. जागांची बेरीज न करणारा संघ सप्टेंबरात दुसऱ्या बेसवर आउटफिल्डर उभा करतो.

डावखुरा_रिलीव्हर

कोट्याच्या मसुद्यात एक मोठी पळवाट राहिली आहे. स्ट्रॅटच्या ॲडव्हान्स्ड कार्डाला डावऱ्या आणि उजव्या पिचरविरुद्ध अशा दोन बाजू असतात. एखाद्या फलंदाजाच्या १६० खेपा आहेत, त्यातल्या डावऱ्यांविरुद्ध ४५, आणि त्या बाजूला त्याने धुमाकूळ घातलाय. एकूण कोटा १७६. हुशार मॅनेजर त्या सगळ्या १७६ खेपा डावऱ्यांविरुद्धच खर्च करतो. नियम मोडला नाही, पण ४५ खेपांवर बनलेली बाजू चौपट वापरली गेली.

उपाय: ३०० पेक्षा कमी खेपा असणाऱ्यांना दोन्ही बाजूंचे वेगळे कोटे. मोजणी डोईजड वाटत असेल तर खेपांऐवजी स्टार्ट मोजा, एक स्टार्ट = ४ खेपा, पिंच-हिट (दुसऱ्याच्या जागी एकदाच फलंदाजी) = १. समोरचा सुरुवातीचा पिचर ज्या हाताचा, त्या खात्यात स्टार्ट मांडायची. मध्येच रिलीव्हर (बदली पिचर) आला तर थोडी गल्लत होते, पण मोसमाच्या शेवटी ती फारशी उरत नाही.

आता पिचर. रिलीव्हरच्या बाबतीत नुसता इनिंग्जचा कोटा पुरत नाही. १९९० चा डेनिस एकर्स्ली: ७३ १/३ इनिंग्ज, ईआरए (नऊ इनिंग्जमागे दिलेल्या रन) ०.६१. कोटा ८० इनिंग्जचा होतो. मॅनेजर त्या ८० इनिंग्ज सलग पाच-सहा दिवस दोन-दोन करून महत्त्वाच्या मालिकेत ओततो. म्हणून विश्रांतीचा तक्ता लागतो. हा चालतो:

- १ इनिंग किंवा कमी: दुसऱ्या दिवशी उपलब्ध, तिसऱ्या सलग दिवशी नाही
- १ १/३ ते २ इनिंग्ज: एक दिवस सुटी
- २ १/३ ते ३ : दोन दिवस
- त्याहून जास्त: तीन दिवस

"दिवस" म्हणजे संघाचा सामना असं लिहून ठेवा. कॅलेंडरच्या तारखा धरल्या की कुणाचा सुटीचा दिवस कुठे पडला यावर तासभर जातो.

बुलपेन_कार्ट

तक्ता सरसकट लावू नका. १९७४ चा माइक मार्शल १०६ सामन्यांत आला, सगळे रिलीफमध्ये, २०८ १/३ इनिंग्ज. सरासरी जवळपास दोन इनिंग्ज प्रत्येक वेळी, आणि त्याच मोसमात सलग १३ सामन्यांत तो टाकत होता. वरच्या तक्त्यात दोन इनिंग्जनंतर एक दिवस सुटी, म्हणजे १६२ सामन्यांत तो फार तर ८१ वेळा येईल. खराखुरा मार्शल नियमबाह्य ठरतो.

सुरुवातीच्या पिचरचंही तेच. विल्बर वूडने १९७२ मध्ये ४९ स्टार्ट केल्या, ३७६ २/३ इनिंग्ज. व्हाइट सॉक्स त्या वर्षी १५४ सामनेच खेळले (संपामुळे मोसम छोटा होता). म्हणजे दर तिसऱ्या-चौथ्या सामन्याला वूड. पाच जणांचं रोटेशन सक्तीचं केलं तर त्याच्या १८ स्टार्ट बुडाल्या.

म्हणून विश्रांती खेळाडूच्या खऱ्या वापरावरूनच काढायची:

सुरुवातीचे पिचर: ४० किंवा जास्त स्टार्ट असतील तर मध्ये २ सामने सुटी, ३६ ते ३९ असतील तर ३, ३५ आणि खाली ४.
रिलीव्हर: ८० किंवा जास्त सामने असतील तर तक्त्यातली सुटी एका दिवसाने कमी आणि तिसरा सलग दिवस मोकळा.

एवढं केलं की १९७२ ची कार्डं आणि २०२२ ची कार्डं एकाच नियमाखाली बसतात.

कोरा_स्कोअरबुक

लीग ८१ किंवा ५४ सामन्यांची असेल तर हे सगळं कसं बसवायचं?

शॉर्टस्टॉप_६

@कोरा_स्कोअरबुक, एकच गुणक. तुमच्या लीगचे सामने भागिले त्या खऱ्या मोसमातले सामने. ८१ सामन्यांच्या लीगमध्ये १६२ च्या मोसमातला ४०० खेपांचा माणूस = २००, त्यावर १० टक्के = २२०.

भागाकारात नेहमी १६२ घालू नका, हे महत्त्वाचं. १९६० पर्यंत दोन्ही मेजर लीगांत (अमेरिकन, नॅशनल) १५४ सामने होते. १९९४ चा मोसम ऑगस्टमध्ये संपाने थांबला. २०२० मध्ये फक्त ६० सामने झाले, त्यामुळे २०२० चं कार्ड १६२ सामन्यांच्या लीगमध्ये लावताना गुणक २.७ येतो. ६० सामन्यांतल्या १०० खेपा म्हणजे २७०. शिवाय '५०० हून जास्त खेपा' ही सवलत २०२० साठी १८५ वर आणायला लागते, नाहीतर त्या वर्षाचे सगळे रोजचे खेळाडू विनाकारण कोट्यात सापडतात.

डावऱ्या-उजव्यांचा वेगळा कोटा मान्य. पिचरच्या विश्रांतीची दुरुस्तीही मान्य, मसुद्यात घेतो.

मिलवॉकी_५७

प्लेऑफबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण नेमके तिथे अर्धवट कार्डांचे मालक टपून बसलेले असतात. १९५७ च्या ब्रेव्हजचा बॉब हेझल: १३४ ॲट-बॅट, ०.४०३, ७ होम रन. मोसमभर कोटा राखून ठेवला आणि प्लेऑफमध्ये सातही सामने लावला, तर चॅम्पियनशिप एका कार्डाने जिंकली.

माझा प्रस्ताव: प्लेऑफसाठी कोटा नव्याने काढा. ॲट-बॅट भागिले मोसमाचे सामने, गुणिले मालिकेचे सामने. हेझलचं १३४ ÷ १५४ × ७ = ६.१. वर १० टक्के धरून ७ ॲट-बॅट. मालिका लवकर संपली तरी कोटा सातच्याच हिशेबाने.

उजवा_आउटफिल्ड

मिलवॉकी_५७, हिशेब बरोबर पण निष्कर्ष पटत नाही. हेझल जुलैच्या शेवटी संघात आला आणि त्यानंतर बहुतेक खेळतच होता. १३४ चा आकडा कमी दिसतो तो आधीचे महिने तो नव्हता म्हणून. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याला १३ ॲट-बॅट मिळाले (२ हिट). तुमच्या नियमाने त्याला ७ मिळतात, म्हणजे खऱ्याच्या निम्मे. पिंच-हिटर म्हणून मोसमभर तुटक खेळलेला आणि शेवटचे दोन महिने रोज खेळलेला, दोघांना एकच माप लावलं जातंय.

मी खेपांऐवजी खेळलेल्या सामन्यांची अट घालतो. सरासरी खेपा प्रति सामना ३ च्या वर असतील तर तो 'उशिरा आलेला नियमित खेळाडू' धरायचा आणि प्लेऑफमध्ये दुप्पट कोटा द्यायचा. हेझलचे ४१ सामने, १३४ ॲट-बॅट, म्हणजे प्रति सामना ३.३. तो बसतो. खरा पिंच-हिटर बसत नाही.

मिलवॉकी_५७

ही कसोटी माझ्या कसोटीहून चांगली आहे. फक्त एक जोड: स्पेन्सरच्या २७ सामन्यांत ६७ ॲट-बॅट, म्हणजे २.५, तो बाहेर राहतो. पण ८ सामन्यांत ३० ॲट-बॅटवालाही ३ च्या वर जातो. तेव्हा किमान १०० खेपांची अट सोबत ठेवा. पिचरला किमान ३० इनिंग्ज.

तिसऱ्या_बेसचा_कोच

दुखापतीचा मुद्दा कुणी काढला नाही. कार्डावर दुखापतीची ओळ असते, ती लागली की खेळाडू काही सामने बाहेर. आता ४०० खेपांचा माणूस खऱ्या मोसमात २५० खेपा मुकला तोच मुळी जायबंदी होता म्हणून. कोट्याने ती गैरहजेरी एकदा वसूल केली, वर फाशांनी पुन्हा केली. एकाच दुखण्याची दोनदा शिक्षा. दोन्ही नियम पूर्ण कडक ठेवणाऱ्या लीगमध्ये ऑगस्टपासून संघ जमत नाहीत, ते ह्यामुळेच.

दोनांपैकी एकच निवडा. एक: दुखापत छापील नियमाप्रमाणे पूर्ण, आणि कोटा ११५ टक्के. दोन: कोटा १०० ते ११० टक्के, आणि दुखापत फक्त त्या सामन्यापुरती. दूरदूर राहणाऱ्यांच्या लीगला दुसरा पर्याय सोपा, कारण कोण कधी परत येणार याची वही कुणालाच ठेवावी लागत नाही. कॅचरसाठी मात्र दोन्हींत एक ओळ घाला: संघातले सगळे कॅचर बाहेर गेले तर लीगमध्ये कुणीच न निवडलेल्या खेळाडूंतून किमान दर्जाचा कॅचर तात्पुरता मिळतो. कॅचरच्या जागी भलताच माणूस बसवला की चोरलेल्या (हिट नसताना रनरने पळून गाठलेल्या) बेसांची रांग लागते आणि त्या मालिकेचे आकडे रद्दी होतात.

पाहुणा_संघ

आमच्याकडचे बरेच जण वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये असतात. अमेरिकेतल्या एडिसनचा संघ आणि पुण्याचा संघ समोरासमोर बसणं अवघडच. टपालाने खेळायच्या जुन्या लीगांची पद्धत इथे कामी येते: पाहुणा मॅनेजर सूचनापत्र पाठवतो, यजमान दोन्ही बाजूंनी फासे टाकतो. ही पद्धत पूर्णपणे सूचनापत्राच्या दर्जावर उभी आहे. "चोरी करायची तर करा, तुमच्या मनाने" असलं पत्र यजमानाला अडचणीत टाकतं. पत्रात किमान एवढं हवंच:

दोन लाइनअप, डावऱ्या आणि उजव्या पिचरविरुद्ध. मालिकेतल्या प्रत्येक सामन्याचा पिचर, आणि तो कधी काढायचा ("सहाव्यानंतर थकला की लगेच, त्याआधी ५ रन झाल्या तर"). बुलपेनचा (रिलीव्हरचा) क्रम तीन परिस्थितींसाठी: आघाडी ३ रनपर्यंत, बरोबरी, पिछाडी. कोण अजिबात वापरायचा नाही. पिंच-हिटर कुणाच्या जागी, कितव्या इनिंगपासून. बचावासाठी बदल कितव्या इनिंगनंतर. चोरी: कोण, आणि यशाची शक्यता किमान किती (७५ टक्क्यांच्या खाली सहसा तोट्यातच जातं). रनर धरून ठेवायचा की नाही. इनफिल्ड (बेसांजवळचे क्षेत्ररक्षक) पुढे आणायची: कितवी इनिंग, किती रनचा फरक. बंट (चेंडू हलकेच ढकलणं) कोण करेल. हेतुपुरस्सर वॉक (मुद्दाम पहिला बेस फुकट देणं) कुणाला.

आणि जादा बेससाठी धावायचं की नाही, हे आउटच्या संख्येनुसार. दोन आउट असताना होमला ५५ टक्के पुरतात. एकही आउट नसताना ८५ खाली धावू नये. एवढं एक कोष्टक लिहून दिलं की निम्मे वाद मिटतात.

पत्रात नसलेली परिस्थिती आली तर? नियम असा: यजमान पाहुण्यासाठी सगळ्यात सावध पर्याय घेतो. चोरी नाही, बंट नाही, इनफिल्ड नेहमीच्या जागी. 'मी तुमच्या भल्याचं केलं' ही वेळच येऊ द्यायची नाही. पत्र वेळेत आलं नाही तर मागच्या मालिकेचं पत्र लागू. मोसमात ही वेळ तीनदा आली तर मॅनेजर बदला.

वीस_बाजू

फाशांवर कुणी बोलत नाही, आणि खरं तर सगळा डोलारा त्यांच्यावर आहे. रकाना सांगणारा फासा १-२-३ कडे झुकलेला असेल तर फलंदाजांची कार्डं निम्म्याहून जास्त वेळा वाचली जातात. त्या टेबलावर पिचरवर खर्च केलेल्या निवडी वाया.

चाचणी: सहा बाजूंचा फासा १२० वेळा टाका, प्रत्येक बाजू २० वेळा अपेक्षित. प्रत्येक बाजूसाठी (आलेले − २०) चा वर्ग, भागिले २०, सहाही बाजूंची बेरीज. ११.०७ च्या वर गेली तर संशय. वीस बाजूंचा २०० वेळा टाका, अपेक्षित १०, त्याच रीतीने बेरीज, मर्यादा ३०.१४. चांगला फासाही २० पैकी एकदा ही मर्यादा ओलांडतो, तेव्हा पहिल्या वेळी फेकून न देता चाचणी पुन्हा करा. दुसऱ्यांदाही ओलांडली तर बदला.

मिठाच्या पाण्याची युक्तीही आहे. १०० मिली कोमट पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. ॲक्रिलिकचा फासा त्यात तरंगतो. टिचकी मारून फिरवा. दरवेळी तोच आकडा वर येत असेल तर आत हवेचा बुडबुडा आहे. जड प्लॅस्टिकचे फासे बुडतात, त्यांना ही चाचणी लागू नाही.

टेबलावरचे नियम: सगळे फासे, वीस बाजूंचासुद्धा, एकाच वेळी आणि कडा असलेल्या ट्रेमध्ये. वीस बाजूंचा नंतर टाकला तर 'हा खरा की तो' सुरू होतं. एकही फासा ट्रेबाहेर गेला किंवा कडेला तिरका अडकला तर पूर्ण फेक बाद, नुसता तो फासा नव्हे. हे आधी लिहिलेलं नसेल तर तिरका म्हणजे किती तिरका, हे बाकीच्या फाशांवर होम रन दिसतोय की आउट यावरून ठरतं. चोरी, बंट, हिट-अँड-रन असली चाल फासे हातातून सुटायच्या आधी मोठ्याने सांगायचं. न सांगितलेली चाल नाही. व्हिडिओवर खेळताना कॅमेरा चेहऱ्यावर नको, ट्रेवर हवा.

लँकॅस्टर

ॲप्बाबद्दल. हा खेळ पेनसिल्व्हेनियातल्या लँकॅस्टरचा, जे. रिचर्ड साइट्झ यांनी १९५१ मध्ये सुरू केलेला. दोन फासे ११ ते ६६ असे वाचायचे, ३६ शक्यता. फाशांवरून फलंदाजाच्या कार्डावर आकडा मिळतो, आणि त्या आकड्याचा अर्थ बेसवर कोण आहे त्यानुसार बोर्डावर पाहायचा. पिचरला कार्डावर रकाने नाहीत, त्याला ए, बी, सी, डी अशी ग्रेड असते. ८ आणि ९ सारखे आकडे ग्रेडप्रमाणे हिट किंवा आउट होतात.

यातून कोट्याबद्दल एक गोष्ट निघते. स्ट्रॅटमध्ये स्पेन्सरचं कार्ड निम्म्या वेळाच वाचलं जातं. ॲप्बामध्ये दरवेळी तेच. म्हणजे अर्धवट कार्डाचा उपद्रव इथे जास्त, म्हणून कोटा ११० ऐवजी १०० टक्केच ठेवा.

फील्डिंगच्या गुणांची बेरीज ४१ आणि वर असेल तर संघ पहिल्या वर्गात, ३६ ते ४० दुसऱ्या, ३५ आणि खाली तिसऱ्या. बदली झाली की बेरीज त्याच क्षणी पुन्हा करायची, हे नियमात ठळक लिहा. पिंच-हिटर तसाच मैदानात राहिला आणि संघ ४१ वरून ३९ वर आला, पण कुणी पाहिलंच नाही, ही ॲप्बा लीगमधली नेहमीची चूक.

पिचरची दमणूक आम्ही अशी धरतो: खऱ्या मोसमातल्या इनिंग्ज भागिले स्टार्ट, पुढच्या पूर्ण आकड्यावर न्यायचं. १९८ इनिंग्ज, ३२ स्टार्ट = ६.२, म्हणजे ७. सातवी संपली की ग्रेड एकाने उतरते. रिलीफमध्येही टाकलेल्यांना हा भागाकार फुगतो, त्यांच्यासाठी सरळ ६ धरा.

शॉर्टस्टॉप_६

मिश्र काळाच्या लीगबद्दल विचारणा आली आहे: १९३० चे फलंदाज आणि १९६८ चे पिचर एकत्र. इथे बरेच जण कार्डं 'दुरुस्त' करायला जातात. कार्डांना हात लावू नका.

स्ट्रॅटमध्ये निकाल दोन कार्डांची सरासरी असतो. त्यामुळे ढोबळ हिशेबाने फलंदाजाच्या कार्डाची सरासरी = त्याच्या सरासरीची दुप्पट वजा त्याच्या लीगची सरासरी. १९६८ च्या अमेरिकन लीगची सरासरी होती ०.२३०, आणि यास्ट्रझेम्स्की ०.३०१ वर पहिला आला. त्याचं कार्ड ०.६०२ − ०.२३० = ०.३७२. १९३० च्या नॅशनल लीगची सरासरी ०.३०३. तिथल्या ०.३३८ मारणाऱ्या फलंदाजाचं कार्ड ०.३७३. म्हणजे अख्ख्या लीगमध्ये पहिला आलेला माणूस आणि १९३० चा एक बऱ्यापैकी फलंदाज फाशांना सारखेच. बिल टेरीचं ०.४०१ तर ०.४९९ वर जातं.

पिचरकडे उलटं. १९६८ च्या गिब्सनविरुद्ध फलंदाजांची सरासरी ०.१८४, नॅशनल लीगची ०.२४३. कार्ड ०.१२५. टेरी विरुद्ध गिब्सन ०.३१२, यास्ट्रझेम्स्की विरुद्ध गिब्सन ०.२४९.

मोकळा ड्राफ्ट ठेवला तर सगळे १९३० चे फलंदाज आणि १९६८ चे पिचर उचलतात, बाकीची कार्डं डब्यात पडून राहतात. उपाय ड्राफ्टमध्ये आहे: ज्या मोसमातून जितके फलंदाज घ्याल, त्याच मोसमातून त्याच्या निम्मे तरी पिचर घ्यायचे. १९३० चा टेरी हवा तर १९३० चा पिचरही पदरात घ्या. मग दोन्हीकडची महागाई एकमेकांना फेडते.

बेस चोरीला वेगळं बघावं लागेल. २०२२ मध्ये २,४८६ बेस चोरले गेले, २०२३ मध्ये ३,५०३. बेस १५ इंचांवरून १८ चे झाले आणि पिकऑफवर (रनरला बेसवर बाद करायला पिचरने केलेल्या फेकीवर) बंधन आलं. २०२३ नंतरचे रनर जुन्या पिचर-कॅचरसमोर सुटतात. तिथे प्रति संघ प्रति सामना चोरीच्या प्रयत्नांना ३ ची मर्यादा पुरेशी आहे.

उजवा_आउटफिल्ड

बाकीचे भराभर. अतिरिक्त इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर आयता रनर: नको, कोट्याची बचत होते पण रिलीव्हरचे आकडे बिघडतात. डीएच (पिचरऐवजी फलंदाजी करणारा): कार्डं ज्या मोसमाची तो नियम, मिश्र लीगमध्ये २०२२ सारखा दोन्हीकडे. जागा: कार्डावर छापलेल्याच. हेतुपुरस्सर वॉक: २००४ च्या बाँड्सचे २३२ वॉक, त्यातले १२० हेतुपुरस्सर. तुमच्या संचात ते कार्डात धरलेत की वगळलेत ते आधी पाहा. धरलेले असतील तर त्याला वरून आणखी वॉक देण्यावर सामन्याला एकाची मर्यादा घाला.

मैदान ड्राफ्टच्या आधी निवडायचं आणि मोसमभर बदलायचं नाही. पोलो ग्राउंड्स (न्यूयॉर्कचं जुनं मैदान) घेणाऱ्याला कुंपणापर्यंत डावीकडे २७९ फूट आणि उजवीकडे २५८ फूट मिळतात. ते त्याने आधी जाहीर केलं तर बाकीचे त्या हिशेबाने पिचर घेतील.

तिसऱ्या_बेसचा_कोच

मुद्दाम हरणं राहिलं. कोटा आहे म्हटल्यावर तळाचा संघ ऑगस्टपासून चांगली कार्डं बसवून ठेवतो आणि पहिली निवड मिळवतो. वरच्या मर्यादेसोबत खालचीही लागते: ४०० हून जास्त खेपांचा खेळाडू किमान ८५ टक्के वापरलाच पाहिजे. आणि शेवटच्या चार संघांत पहिल्या निवडीसाठी चिठ्ठ्या टाका. मेजर लीगनेही २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा निवडींना लॉटरी लावली.

पुढच्या निवडींचा व्यवहार फक्त एका मोसमापर्यंत. ज्याने पुढची निवड विकली त्याने पुढच्या मोसमाची वर्गणी त्याच दिवशी भरायची. तीन वर्षांच्या निवडी विकून माणूस लीग सोडतो तेव्हा रिकामा संघ घ्यायला कुणी येत नाही.

कोरा_स्कोअरबुक

हे सगळं मोजायचं कोणी आणि कुठे?

शॉर्टस्टॉप_६

एक सामायिक स्प्रेडशीट, संघाला एक पान. रकाने: खेळाडू, मोसम, खऱ्या खेपा, गुणक, कोटा, डावऱ्यांविरुद्ध वापरलेल्या, उजव्यांविरुद्ध वापरलेल्या, शिल्लक. पिचरला खेपांच्या जागी इनिंग्ज, शिवाय स्टार्ट आणि शेवटचा सामना क्रमांक. इनिंग्ज दशांशात लिहू नका, आउट लिहा: ७३ १/३ म्हणजे २२०. ०.१ आणि ०.२ ची बेरीज स्प्रेडशीट चुकीची करते आणि ती चूक जुलैपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

यजमानाने मालिका संपल्यापासून ४८ तासांत भरायचं, पाहुण्याने पुढच्या ४८ तासांत तपासायचं. त्यानंतर आकडा पक्का. दर २७ सामन्यांनी सगळ्यांची शिल्लक धाग्यावर लावायची; तोवर कुणी प्रमाणाच्या १५ टक्क्यांहून पुढे गेला असेल तर पुढच्या मालिकेत तो बाकावर.

वरच्या दुरुस्त्या घेऊन मसुदा रविवारपर्यंत पुन्हा टाकतो. @उजवा_आउटफिल्ड, 'उशिरा आलेला नियमित खेळाडू' हे कलम तुमच्याच शब्दांत लिहून द्या, किमान १०० खेपांच्या अटीसकट.